अनियमित क्रियापदे, स्पॅनिशमधील (वर्तमानकाळ)

स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ असे संपते. हा शेवट काढून पुरुष-वचनाचे प्रत्यय लावले की वर्तमानकाळ होतो : आब्लार (बोलणे) – आब्लो, आब्लास, आब्ला. बोलतो-बोलते असा लिंगभेद येथे नाही आणि प्रत्ययावरूनच कर्ता कळत असल्याने सर्वनाम बहुधा गाळतात. धातू किंवा प्रत्यय या चाकोरीबाहेर गेला की क्रियापद अनियमित ठरते. रोजच्या बोलण्यातली बरीच क्रियापदे नेमकी अशीच आहेत.

शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला सेर (असणे) फारसे परके वाटू नये : सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. यांतील एस आणि सोन यांची लॅटिन मूळरूपे एस्त व सुन्त ही अस्ति, सन्ति यांची सगोत्र आहेत. ईर (जाणे) याची वर्तमानरूपे बोय, बास, बा ही वादेरे या निराळ्याच लॅटिन धातूवरून आली. मराठीतही ‘जातो’ हे संस्कृत ‘या’वरून, तर ‘गेला’ हे ‘गम्’वरून आले आहे.

खरी अडचण स्वरबदलाच्या मोठ्या गटात येते. लॅटिनमधील ऱ्हस्व ए आणि ओ आघाताखाली ‘ये’, ‘वे’ झाले. त्याच साच्यात पेन्सार (विचार करणे) याचे प्येन्सो, प्येन्सास, प्येन्सा होते. पण ‘आम्ही’च्या रूपात आघात प्रत्ययावर सरकतो आणि पेन्सामोस असा मूळ धातू परत येतो. दोर्मिर (झोपणे) याचेही तसेच : द्वेर्मो, पण दोर्मिमोस. पेदिर (मागणे) याच्या पिदो, पेदिमोस या रूपांतही बदल त्याच जागी दिसतो. मराठीत आघाताने शब्दाचे रूप किंवा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो टिपत नाही. तक्ते नुसते डोळ्यांनी पाठ करणाऱ्याला ही रूपे लहरी वाटतात. मोठ्याने, आघातासह म्हणणाऱ्याला त्यांतला नियम ऐकू येतो. शिकवतानाही सुरुवात येथूनच व्हावी.

काही क्रियापदे फक्त ‘मी’च्या रूपात ‘गो’ घेतात : आगो (करतो), पोंगो (ठेवतो), साल्गो (बाहेर पडतो). तेनेर (जवळ असणे) मध्ये दोन्ही बदल एकत्र येतात : तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस.

अर्जेंटिनात ‘तू’साठी बोस हे सर्वनाम वापरतात. त्याच्या रूपांत आघात शेवटच्या अक्षरावर असतो. म्हणून तेथे त्येनेसऐवजी तेनेस आणि प्येन्सासऐवजी पेन्सास म्हणतात, धातूतला स्वर बदलत नाही.