स्वस्तातली ‘लष्करी’ रायफल: दर्जेदार की नुसतीच देखणी? असं ओळखा

नागपूरच्या लकडगंजमध्ये सागवान घ्यायला गेलेला जाणता सुतार आधी पॉलिश बघत नाही. तो फळीची कड बघतो, गाठी कुठे आहेत ते बघतो, लाकूड सुकलेलं आहे की ओलं ते तपासतो. भावाची गोष्ट त्यानंतर. जुन्या रायफलचंही तसंच आहे. चकाकणारा दस्ता आणि काळीभोर नळी बघून ती चांगली आहे की नाही हे कळत नाही.

हे आज सांगायचं कारण म्हणजे रील्स. अमेरिकेतला कुणीतरी महायुद्धातली रायफल दाखवतो, ‘स्वस्तात मिळाली’ म्हणतो आणि मोकळ्या मैदानात टारगेट फोडतो. खाली मराठीत कमेंट असते, ‘आपल्याकडे कुठे मिळेल?’ त्याचं उत्तर नीट समजून घेऊ. कारण इथे चुकीच्या खरेदीत पैसे तर जातातच, पण डोळा जाऊ शकतो आणि तुरुंगातही जावं लागू शकतं.

सरप्लस रायफल म्हणजे काय?

सैन्याने नवं शस्त्र घेतलं की जुनं भांडारात पडून राहतं. काही देशांत हा साठा नागरिकांना विकला जातो. रशियाची मोसिन-नागांत, जर्मनीची माउझर आणि ब्रिटिशांची ली-एनफिल्ड ही त्यातली प्रसिद्ध नावं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिमीची २ए१ रायफलही अशीच अमेरिकी बाजारात पोहोचली.

ली-एनफिल्ड आपल्याला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून माहीत आहे. २६/११ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २६ जानेवारी २०२० ला निरोप दिला.

मग ती आपल्याला विकत मिळते का?

सर्वसाधारण परवान्यावर नाही. .३०३ आणि ७.६२ मिमी ही लष्करी काडतुसं. ती ज्या रायफलमध्ये बसतात, त्या शस्त्र नियमांनुसार निषिद्ध गटात येतात.

म्हणून आपल्याकडे .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आली. ती बनते इशापूरलाच. तिची बोल्टची रचना ली-एनफिल्डचीच, फक्त काडतूस वेगळं. हे काडतूस जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिकर रायफलच्या ८ मिमी काडतुसावरून घेतलेलं आहे. मॅगझीनमध्ये पाच काडतुसं बसतात. दिसायला लष्करी, पण कागदावर नागरी, अशी ही रायफल आहे. जुन्या हातातली .३१५ हीच आपल्याकडची ‘सरप्लस’ म्हणता येईल.

तिला परवाना लागतो. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. नागपूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. काडतुसं किती घेता येतील, तेही परवान्यावर लिहिलेलं असतं.

जुनी .३१५ बघताना काय तपासायचं?

तपासणी परवानाधारक दुकानातच करा. रायफल हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे बोल्ट मागे ओढून चेंबर आणि मॅगझीन रिकामं असल्याची स्वतः खात्री करणं. दुकानदार ‘खाली आहे’ म्हणाला तरीही.

*नंबर:* रायफलच्या बॉडीवरचा नंबर परवान्यातल्या नोंदीशी जुळला पाहिजे. बोल्टवरही नंबर असेल तर तो बॉडीशी जुळतो का ते बघा. दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतूस मागून नीट पकडलं जाईलच असं नाही.

*नळी:* बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. आतल्या पिळदार खाचा धारदार आणि स्पष्ट दिसायला हव्यात. बारीक खड्डे दिसले तर गंज चढून गेलेला आहे. मध्येच काळसर कडं दिसलं तर नळी आतून फुगलेली असू शकते. अशी रायफल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

*नळीचं तोंड:* गोळी शेवटी इथून सुटते. कड एका बाजूने झिजली असेल किंवा ठेच लागली असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही नेम पसरतो.

*हेडस्पेस:* बंद बोल्ट आणि काडतुसाची बूड यांच्यातली ही जागा. ती जास्त असेल तर बार उडताना पुंगळी मागच्या बाजूला ताणली जाते, कधी तुटते आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी गेज लागतो, तेव्हा शस्त्र दुरुस्त करणाऱ्या अधिकृत कारागिराकडूनच मोजून घ्या. या रायफलमधून उडालेली पुंगळी मिळाली तर तीही बघा. बुडाच्या जरा वर चकाकतं कडं किंवा बारीक चीर असेल, तर ती धोक्याची खूण आहे.

*चाप आणि सेफ्टी:* लष्करी चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. आधी हलका, मग घट्ट. पहिला टप्पाच जाणवला नाही तर कुणीतरी चाप घासलेला असू शकतो. रिकाम्या रायफलचा बोल्ट जोरात बंद केल्यावर घोडा आपोआप सुटला, तर व्यवहार तिथेच संपवा.

*दस्ता:* इथे लकडगंजची नजर कामाला येते. बॉडीच्या मागे जिथे दस्ता जोडला जातो, तिथे बारीक चीर शोधा. प्रत्येक बाराचा धक्का त्याच जागी बसतो. वर्षानुवर्षं तेल मुरलेलं लाकूड काळं आणि मऊ पडतं. नखाने दाबलं की कळतं. नवं पॉलिश मारलेला दस्ता तर जास्तच बारकाईने बघा.

परवाना नको असेल तर?

मग एअर रायफल. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमी (.१७७) बोअरची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. ५.५ मिमीची, म्हणजे .२२ बोअरची एअर रायफल या सवलतीत बसत नाही. विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, त्यामुळे ‘कागदपत्रांशिवाय घरपोच’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

लष्करी रायफलसारख्या दिसणाऱ्या स्वस्त एअर रायफलींच्या जाहिरातींत वेग ठळक छापलेला असतो. ‘१००० फूट प्रति सेकंद’ म्हणजे साधारण ३०५ मीटर. नेहमीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरंच इतक्या वेगाने गेला तर ऊर्जा सुमारे २३ जूल होते, म्हणजे सवलतीच्या मर्यादेबाहेर. ०.३ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याला तोच वेग मिळाला तर ती सुमारे १४ जूल भरते. म्हणून विक्रेत्याला विचारा, ‘हा वेग किती वजनाच्या छर्ऱ्याचा?’ उत्तर देता आलं नाही तर तो आकडा विसरा.

स्वस्त एअर रायफलची परीक्षा

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलमध्ये नळीचा सांधा सगळ्यात महत्त्वाचा. नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवून बघा. जरा जरी खेळ असेल तर नेम रोज बदलेल.

सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून छर्रा भरलेला बार उडवा. पट्टी उडाली तर सील गळतं आहे. छर्ऱ्याशिवाय स्प्रिंगची रायफल उडवू नका. पिस्टन आपटून आतलं सील खराब होतं. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा. अचानक बंद झाली तर बोटं चिरडतात.

शेवटची परीक्षा कागदावर. १० मीटरवर रायफल टेकवून एकाच प्रकारचे पाच छर्रे एकाच बिंदूवर मारा. पाचही भोकं १० रुपयांच्या नाण्याखाली झाकली, तर मौजेच्या सरावासाठी रायफल ठीक आहे. झाकली नाहीत तर लगेच नाराज होऊ नका. आधी दस्त्याचे स्क्रू आवळा आणि दुसऱ्या कंपनीचे छर्रे वापरून बघा. अनेकदा दोष छर्ऱ्यात असतो. तुलनेसाठी लक्षात ठेवा, १० मीटर एअर रायफलच्या अधिकृत टारगेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो.

पैसे देण्याआधी

सोशल मीडियावर ‘मिलिटरी सरप्लस’ म्हणून विनापरवाना बंदूक विकणारा माणूस सौदा नाही, गुन्हा विकतोय. परवान्याशिवाय बंदूक बाळगली तर शस्त्र कायद्यानुसार किमान दोन वर्षं कैद होऊ शकते. बेकायदा विक्रीला किमान सात वर्षं.

एअर रायफल परवान्याशिवाय मिळते म्हणून ती कुठेही चालवता येते असं नाही. गच्चीवर, गल्लीत नको. पक्ष्यांवर तर अजिबात नको, कारण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे. मागे भक्कम आडोसा आणि आजूबाजूला कुणी नाही, अशीच जागा हवी. डोळ्यांवर चष्मा हवा.

सगळ्यात स्वस्त मार्ग मात्र वेगळाच आहे. आधी काही आठवडे शूटिंग क्लबमध्ये जा आणि तिथली रायफल चालवा. चांगला चाप बोटाला कसा लागतो आणि घट्ट सांधा हाताला कसा जाणवतो, हे एकदा कळलं की वाईट रायफल दुकानातच ओळखू येते. लकडगंजमधल्या सुतारालाही लाकडाची पारख फोटो बघून आलेली नाही. शेकडो फळ्या हाताळून आलेली आहे.