पटिंग ग्रीन, कृत्रिम : सांध्यांची दुरुस्ती

पटिंग ग्रीन म्हणजे गोल्फच्या मैदानावरचा, भोकाभोवतीचे गवत अगदी बारीक कापलेला भाग. तो घराच्या मागच्या अंगणात कृत्रिम टर्फने तयार करण्याची हौस अमेरिकेत, विशेषतः ॲरिझोना, नेव्हाडा आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या पट्ट्यात मोठी आहे. खरे गवत जगवायला तिथे फार पाणी लागते. एकेकाळी नासात काम केलेले आणि पुढे गोल्फ-प्रशिक्षक म्हणून नावाजलेले डेव्ह पेल्झ यांनी टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या घरामागे नामांकित ग्रीनच्या कृत्रिम प्रतिकृतीच उभारल्या होत्या. टर्फ रोलमध्ये येते आणि अमेरिकेत रोलची रुंदी बहुधा १५ फूट असते. ग्रीन त्याहून रुंद असेल तर सांधा आलाच, आणि बसवलेल्या टर्फचे दुखणे बऱ्याचदा या सांध्यापासून सुरू होते.

हे दुखणे कृत्रिम टर्फइतकेच जुने आहे. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये १९६६ साली अंथरलेल्या ॲस्ट्रोटर्फच्या पट्ट्या चक्क झिपने जोडल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियमवर १३ ऑगस्ट २००१ रोजी ईगल्स आणि रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघांचा हंगामपूर्व सामना मैदानापायी रद्द करावा लागला. बेसबॉलसाठी ठेवलेल्या मातीच्या जागा तिथे टर्फचे तुकडे टाकून झाकल्या होत्या. त्यांच्या कडांशी पातळी जुळत नव्हती, म्हणून रेव्हन्सचे प्रशिक्षक ब्रायन बिलिक यांनी खेळाडू उतरवायला नकार दिला. टर्फ नवेकोरे होते. खोट जोडापाशी होती.

अंगणातल्या ग्रीनवर ही खोट चेंडू दाखवून देतो. गोल्फच्या चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. भोकाजवळच्या शेवटच्या हातभर अंतरात तो इतका मंदावलेला असतो की, दोन-तीन मिमी वर आलेली कडसुद्धा त्याला १०८ मिमी व्यासाच्या भोकापासून बाजूला वळवते.

रचना : टर्फच्या पाठीला विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे कापड असते. त्यात पाती ओवून मागून पॉलियुरेथेनचा किंवा लॅटेक्सचा लेप देतात. दोन पट्ट्यांच्या कडा शेजारी आणून खालून साधारण ३० सेंमी रुंदीची सांधपट्टी गोंदाने चिकटवली की सांधा तयार होतो. पात्यांमध्ये कोरडी वाळू भरतात. तिच्या वजनाने टर्फ जागेवर राहते.

कारणे : पहिले कारण ऊन. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस तापमान ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर पोचले होते, आणि टर्फचा पृष्ठभाग तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पॉलिप्रॉपिलीन दर अंशामागे लांबीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाने वाढते. त्या हिशेबाने मोकळी ठेवलेली ५ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने २ सेंमी लांब किंवा आखूड होईल. वाळूचे वजन आणि कडेचे खिळे ही हालचाल बरीच अडवतात, पण उरलेला ताण सांध्यावर येतो.

बाकीची कारणे कारागिरीतली. कारखान्यातून आलेला जाड काठ न कापताच पट्ट्या जोडणे, सांधपट्टीवर गोंदात कंजुषी करणे, गोंद आवळल्यावर टर्फ टेकवणे आणि खालची खडी-कच नीट न धुमसणे. पुढे जमीन बसते, झाडाचे मूळ वर येते, नाहीतर पाणी तुंबते, आणि कड उचलली जाते.

निदान : फट पहाटे रुंद आणि दुपारी अरुंद दिसत असेल, तर टर्फ आकुंचन पावते आहे. दिवसभर सारखीच राहून एक बाजू खाली असेल, तर पाया बसला आहे. खरी गोष्ट मात्र कड उलटून पाहिल्यावर कळते. सगळा गोंद सांधपट्टीवर आणि टर्फची पाठ कोरी दिसली, तर टर्फ टेकवायला उशीर झाला होता किंवा पाठीवर धूळ होती. गोंदाबरोबर पाठीचा लेपच सुटून आला असेल, तर त्या कडेवर नवा गोंद धरणार नाही; तेवढा भाग कापूनच काढावा लागतो.

कृती : सांध्याच्या दोन्ही अंगांची वाळू ताठ ब्रशने मोकळी करून व्हॅक्यूमने ओढून घेतात. कडा उलटून त्यांवर वजन ठेवतात, जुनी सांधपट्टी काढतात आणि गोंदाचे गठ्ठे खरवडतात. खळग्यात कच भरून किंचित ओलसर धुमसतात, सरळ फळी आडवी धरून पातळी तपासतात आणि पाया पूर्ण वाळू देतात. उसवलेली कड पाठीकडून, पात्यांच्या दोन ओळींमधून कापतात. मग गोंद न लावता कडा एकदा जुळवून पाहायच्या : लव एकाच दिशेला हवी आणि कड कडेवर चढता कामा नये.

नवी सांधपट्टी मधोमध ताणून तिची टोके खिळ्यांनी पक्की करतात व दातेरी थापीने पॉलियुरेथेन गोंद सारखा पसरतात. हातमोजे हवेतच. बोट टेकवून उचलल्यावर एकतारी पाकासारखी तार सुटू लागली की एक कड टेकवतात, मग दुसरी. मध्ये दबलेली पाती दाभणाने उचलून काढायची. हे राहून गेले तर सांधा कायम रेघेसारखा दिसतो. वरून रोलर फिरवून वाळूच्या पिशव्या ठेवतात. गोंद पुरता धरल्यावर वाळू पातळ थरांनी परत भरतात आणि दर थराला ब्रश मारतात. शेवटी सांध्यावरून दोन्ही दिशांनी चेंडू अगदी हळू सोडून पाहतात.

फट मोठी असेल तर कडेचे खिळे काढून टर्फ ओढून घेतात. तेही पुरले नाही तर ठिगळ लावावे लागते. एकाच्या जागी दोन सांधे येत असल्याने ठिगळ निदान ३० सेंमी रुंद ठेवतात. नव्या रोलचा तुकडा उन्हाने विटलेल्या टर्फमध्ये उठून दिसतो, म्हणून जाणते कारागीर त्याच ग्रीनच्या कोपऱ्यातला तुकडा सांध्याला लावतात आणि नवा तुकडा कोपऱ्यात बसवतात.

टाळावयाचे उपाय : फटीत वरून गोंद ओतला तर पाती चिकटून कडक कणा उभा राहतो. सांध्यावर ठोकलेल्या खिळ्यांची डोकी चेंडूला उडवतात.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्याकडच्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवरही सांधे याच तत्त्वावर जोडतात. दमट हवेत पॉलियुरेथेन गोंद लवकर आवळतो आणि कारागिराच्या हाती वेळ कमी उरतो. खालची कच ओली असेल तर गोंदात बुडबुडे धरून पकड सैल पडते. त्यामुळे पावसाळ्यात सुटलेला सांधा तात्पुरता वजनाखाली ठेवून पक्के काम उघडीप मिळाल्यावर करणे बरे पडते.