नोंदवहीतलं नाव

भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. मध्यंतरी कंपनीच्या कामासाठी तो स्टॅमफर्ड नावाच्या एका लहानशा बाजारगावी गेला, तिथे एक रात्र राहिला आणि सकाळी त्याने हॉटेलचे फोटो पाठवले. हॉटेलचं नाव 'द जॉर्ज'. लंडनहून यॉर्कमार्गे उत्तरेला जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यावरची ही सराय. दर्शनी इमारतीवर 1597 हे साल. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी टाकलेली भलीमोठी लाकडी तुळई, तिच्यावर हॉटेलचं नाव. आत शिरलं की दोन जुन्या खोल्या, एक 'लंडन'ची आणि एक 'यॉर्क'ची. ज्या दिशेला जायचं त्या खोलीत बसून घोडागाडीची वाट पाहायची. रेल्वे आली, घोडागाड्या बंद पडल्या. हॉटेल मात्र आजही चालू आहे.

फोटोंच्या खाली त्याने विचारलं होतं, "मामू, आपल्याकडे असं एखादं जुनं हॉटेल आहे का, जिथे आजही राहता येतं?"

आपल्याकडे म्हणजे रिठदला. वाशिम-रिसोड रस्त्यावरचं आमचं गाव. इथे हॉटेल म्हणजे चहा आणि भजी. पाव्हणा आला तर कुणाच्या तरी घरी, कुणीच ओळखीचं नसेल तर मंदिरात किंवा मशिदीत. पण गंमत अशी की आमच्या पत्त्याची सुरुवातच थांबण्याच्या जागेने होते. मु. पो. रिठद. मुक्काम हा अरबी 'मक़ाम'वरून आलेला शब्द, आणि टपालखात्याच्या कृपेने तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्याच्या नावाआधी बसलाय. ज्या गावात रात्र काढायला खोली मिळत नाही, तेही कागदोपत्री मुक्कामच.

रिसोडवरून पुढे गेलं की मेहकर. तिथे पैनगंगेच्या काठच्या या जुन्या गावात हेमाडपंती बांधणीची एक दगडी इमारत आहे. मधे मोकळा चौक, भोवती खांबांच्या ओवऱ्या. लोक तिला धर्मशाळा म्हणतात, आणि पुरातत्त्व खात्याच्या यादीतही ती याच नावाने आहे. अब्बा कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायचे. एकदा भर पावसात त्यांनी तिथल्या ओवरीत रात्र काढली होती. कुणी बांधली, कुणासाठी बांधली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "दगड कोरडा होता," एवढंच ते सांगायचे.

भाच्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर मेहकरच्याही पुढे जावं लागतं. चिखली, बुलडाणा, मग अजिंठा गाव आणि घाट उतरल्यावर फर्दापूर. लेणी पाहायला जाणाऱ्यांना फर्दापूर म्हणजे बस बदलायची जागा. पण मोगल काळात बुऱ्हाणपूर आणि औरंगाबाद यांना जोडणारा मोठा रस्ता इथूनच घाट चढायचा, आणि चढण्याआधी बैलांना, उंटांना, माणसांना दम घ्यावा लागायचा. म्हणून इथे सराय. ती औरंगजेबाच्या काळातली मानली जाते. औरंगाबाद ते आग्रा या मार्गावर जिथे सराय नसेल तिथे सरकारी खर्चाने सराय, मशीद आणि विहीर बांधावी, असा हुकूम त्याने दिल्याचं फारसी साधनांत येतं. मोगल सरायीचा आराखडा बहुतेक ठिकाणी एकच असतो. उंच भिंतींचा चौकोन, रात्री बंद होणारे मोठे दरवाजे, भिंतीला आतून लागून ओळीने कमानदार खोल्या, मधल्या मोकळ्या जागेत जनावरं. फर्दापूरला हे सगळं आज ढासळलेलं आहे आणि भोवती गाव दाटलंय. मी तिथे एक रात्र राहिलो ते अर्थातच सरायीत नाही, रस्त्याकडेच्या एका लॉजमध्ये. संध्याकाळी मात्र त्या कमानींपाशी बराच वेळ उभा होतो.

या खोल्या कशा असत याचं एक मजेदार वर्णन इंग्लंडच्याच माणसाने केलंय. जहांगीरच्या दरबारी निघालेला वकील सर थॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये बुऱ्हाणपूरला पोचला. कोतवालाने त्याला सरायीत आणून चार खोल्या दिल्या. विटांच्या, वर गोल, भट्टीसारख्या आणि भट्टीएवढ्याच, अशी त्याची तक्रार. शेवटी त्याने स्वतःचे तंबू ठोकले. स्टॅमफर्डच्या 'जॉर्ज'चं दर्शनी बांधकाम तेव्हा उणंपुरं अठरा वर्षांचं होतं. त्या तुलनेत रोला आमची सराय खुराडंच वाटली असणार. पण दोन्हीकडची कल्पना वेगळी होती. सरायीत तुम्हाला मिळायची भिंत, पाणी, दरवाजावरचा पहारा. गादी, भांडी, नोकर तुमचे तुम्ही आणायचे. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्यासाठी भटियारा असे, पैसे घेऊन रांधून वाढणारा. मराठीतला भटारखाना त्याच्याच चुलीजवळचा.

सरायींचा विषय निघाला की आमच्याकडे लगेच शेरशाहचं नाव घेतलं जातं. अब्बास खान सरवानी लिहितो की शेरशाहने सतराशे सरायी बांधल्या, दर दोन कोसांवर एक. त्यात मुसलमानांची सोय वेगळी आणि हिंदूंची वेगळी. हिंदूंना गरम आणि गार पाणी, खाट, शिधा देण्यासाठी ब्राह्मण नेमलेले. आमच्या सभांमधून हे उदाहरण समतेचं म्हणून सांगितलं जातं. मला ते तसं वाटत नाही. ही चांगली व्यवस्था होती, माणसांच्या भेदाभेदाला धक्का न लावता चालवलेली. पाणी कुणाच्या हातचं, याची राज्यानेच काळजी घेतली होती. सोळाव्या शतकाकडून त्याहून जास्त मागणंही बरोबर नाही, पण जे नव्हतं ते होतं म्हणू नये.

आणि सराय कुणालाही नाव न विचारता आत घ्यायची, हाही एक गोड गैरसमज. आईन-ए-अकबरीत कोतवालाची कामं सांगितलीत. त्यात अनोळखी माणसांना वेगळ्या सरायीत उतरवावं आणि त्यांच्यावर नजर ठेवावी असं आहे. इंग्रजांनी 1867 साली सराय कायदा केला. सरायीची नोंदणी झालीच पाहिजे, दरांची यादी टांगलीच पाहिजे, पहारेकरी ठेवलाच पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटने मागितल्यास उतारूंची माहिती दिलीच पाहिजे. म्हणजे नाव विचारणं जुनंच. उतारू आत आल्यावर वही उघडते, हे फर्दापुरात होतं आणि स्टॅमफर्डलाही होतं.

आता माझं स्वतःचं. काही वर्षांपूर्वी एका साहित्य संमेलनासाठी मी आपल्याच राज्यातल्या एका शहरात गेलो होतो. रात्री साडेनऊला एसटीतून उतरलो, समोरच्या लॉजवर गेलो. पोराने भाडं सांगितलं, मी पैसे काढले, त्याने चावी काउंटरवर ठेवली. मग आधार कार्ड मागितलं. कार्डाकडे पाहिलं, आत गेला, परत आला आणि चावी उचलून म्हणाला, "सर, ती रूम बुक आहे. माझ्या लक्षातच नव्हतं." दुसरी? "फुल आहे." पुढच्या लॉजवर कार्ड आधीच पुढे केलं, म्हणजे त्याचा वेळ वाचावा. तिथेही फुल. ती रात्र मी स्टँडवरच्या बाकावर काढली आणि सकाळी तिथल्याच नळावर तोंड धुऊन मंचावर जाऊन बसलो. विषय होता 'मराठी भाषा आणि सर्वसमावेशकता'. निबंध बरा झाला, टाळ्याही पडल्या.

संविधानाच्या कलम 15(2) मध्ये हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलाय. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कुठल्याही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे मज्जाव करता येणार नाही. कलम मला तोंडपाठ आहे. स्टँडवर त्याचा उपयोग झाला नाही, कारण मला कुणी धर्मामुळे नाकारलंच नव्हतं. रूम फुल होती.

इथे पुन्हा इंग्लंडची आठवण होते. वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन 1943 मध्ये लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी बायको आणि मुलीला घेऊन लंडनला आला. रसेल स्क्वेअरमधल्या इंपिरियल हॉटेलात चार रात्रींचं आरक्षण होतं. हॉटेलात गोरे अमेरिकी सैनिक उतरले होते, त्यांना काळा माणूस चालणार नाही म्हणून त्याला जास्त दिवस राहता येणार नाही असं सांगितलं गेलं. तो दुसऱ्या हॉटेलात गेला, पण त्याने दावा लावला. वंशभेदाविरुद्ध कायदा तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हताच, तो 1965 साली आला. दावा उभा राहिला तो फार जुन्या रूढ कायद्यावर. सराय चालवणाऱ्याला, जागा असेल आणि उतारू पैसे द्यायला तयार असेल, तर सबळ कारणाशिवाय त्याला नाकारता येत नाही. घोडागाड्यांच्या काळातला, 'जॉर्ज'सारख्या घरांसाठी घडलेला नियम. 1944 मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी कॉन्स्टंटाइनच्या बाजूने निकाल दिला. भरपाई फक्त पाच गिनी. तो जिंकला याचं एक कारण असं की हॉटेलने नकाराचं कारण तोंडाने सांगितलं होतं. आमचा लॉजवाला त्याच्यापेक्षा हुशार.

पण ही गोष्ट केवळ माझ्या बाजूची राहू नये. आपल्या इतिहासातली सरायीची सगळ्यात कडू रात्र बाबासाहेबांची आहे. 1917 मध्ये परदेशातून परतल्यावर ते गायकवाडांच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू ठिकाणी जागा मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून पारशांच्या सरायीत गेले. सांभाळणाऱ्याने सांगितलं, इथे फक्त पारशी राहतात. वहीत नाव पारशी असलं तर चालेल असं ठरलं आणि आंबेडकर अदलजी सोराबजी झाले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले. ते निघाले, एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे जागा मागितली, दोघांकडेही अडचण होती. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली.

त्याच लेखात दुसराही प्रसंग आहे आणि तो आमच्या अंगणातला आहे. 1934 साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचे दिवस होते. प्रवासाची धूळ होती म्हणून दाराजवळच्या टाक्यात सगळ्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत धावत आला की अस्पृश्यांनी टाकं बाटवलं. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो का, असं बाबासाहेबांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. शेवटी पाण्याला हात लागू नये म्हणून शस्त्रधारी शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ल्यात सोडलं. फर्दापूरचा रस्ता पुढे औरंगाबादला आणि तिथून दौलताबादला जातो. त्या रस्त्यावरच्या सरायींचा अभिमान बाळगायचा असेल तर हे टाकंही त्याच रस्त्यावर आहे. स्टँडच्या बाकावर रात्रभर मला लॉजवाल्या पोराचा राग होता. पहाटे हे टाकं आठवलं. राग गेला नाही, पण मी पुन्हा नळावर गेलो आणि आधी माझ्यामागे उभ्या असलेल्या सफाईवाल्या बाईंना पाणी भरू दिलं.

आता भाच्याचं उत्तर. जुनी आणि आजही राहता येईल अशी जागा मला एकच सांगता येते, आणि तिची इमारत काही जुनी नाही. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातली चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांच्याच नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे, टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी.

मोठ्या भावाला घेऊन आम्ही तिथे राहिलो. जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढंच सांगतो. काउंटरवरच्या गृहस्थांनी वही उघडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सांगितलं. "गाव?" रिठद, जिल्हा वाशिम. तेव्हा त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, "म्हणजे बाबांच्या मुलखातले तुम्ही." आणि पावती फाडली. शेजारच्या खाटेवर सोलापूरकडचे एक वारकरी होते, घशाचा आजार, बोलणं बंद. पहिल्या संध्याकाळी भावाने मला विचारलं की पश्चिम कुठे. मला मुंबईत दिशा कळत नाही. मी खिडकीकडे जाऊन डोकावत होतो, तेवढ्यात त्या वारकऱ्यांनी हात करून भिंतीचा एक कोपरा दाखवला. भावाने खाटेवर बसूनच त्या कोपऱ्याकडे तोंड करून नमाज पढली. पुढचे सगळे दिवस तोच कोपरा.

भाच्याला पाठवायला दादरचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तेव्हा फोटो काढायचं सुचलं नव्हतं. शोधताना भावाच्या फाईलमध्ये ती पावती सापडली. शाई फिकी झालीय, पण नाव वाचता येतं. खाली मु. पो. रिठद. तिचाच फोटो काढून त्याला पाठवून दिला.