स्काऊट-गाईड पथक चालवताय? नोंदणी, शिबिर आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम जाणून घ्या

शाळेत स्काऊटचे पथक असते, पण ते चालवायला वेगळा माणूस नसतो. बहुतेक ठिकाणी पी.टी.चे सर किंवा एखाद्या उत्साही बाई हे काम अंगावर घेतात. त्यासाठी जादा पगार नाही. शनिवार-रविवार जातो, प्रसंगी पदरचे पैसेही जातात. मात्र शिबिरात एखाद्या मुलाला काही झाले, किंवा दहावीनंतर प्रमाणपत्र ग्राह्य धरले नाही, तर पहिला प्रश्न याच सरांना आणि बाईंना विचारला जातो. काम स्वयंसेवी असले तरी जबाबदारी कायद्याची आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, गोवा, इंदूर, बडोदा आणि हैदराबाद इथल्या मराठी शाळांमधील पथकप्रमुखांना व पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र दिली आहे.

संस्था कोणती?

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. दोनच वर्षांत, 1909 मध्ये, ही चळवळ भारतात आली आणि तिचे पहिले पथक बंगळूरला निघाले. सुरुवातीला भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. पुढे ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली. 1951 मध्ये गाईड विभागही त्यात सामील झाला. 7 नोव्हेंबर हा स्थापना दिन म्हणून आजही पाळला जातो. राष्ट्रीय मुख्यालय दिल्लीत आहे आणि राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशातील पचमढीला.

मिळत्याजुळत्या नावाच्या इतर संघटनाही देशात काम करतात. स्काऊट आणि गाईड या दोन्हींच्या जागतिक संघटनांमध्ये भारताचे सदस्यत्व मात्र भारत स्काऊट्स आणि गाईड्सकडे आहे. शाळेने नोंदणी नेमकी कुठे केली आहे, हे पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावे. रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यातील भरतीसारख्या ठिकाणी प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि कोणत्या पातळीचे आहे, हे बघितले जाते.

सीमेपलीकडची शाळा, नोंदणी कुठे?

हा गोंधळ सीमाभागात नेहमी होतो. सदस्यत्व शाळेच्या माध्यमावर ठरत नाही, शाळा कोणत्या राज्यात आहे त्यावर ठरते. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेचे पथक कर्नाटक राज्य संघटनेत, बेळगाव जिल्ह्यामार्फत नोंदवले जाते. डिचोलीचे पथक गोव्याच्या संघटनेत, तर इंदूरचे मध्य प्रदेशच्या संघटनेत असते. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि रेल्वे यांच्या संघटना वेगळ्या आहेत. त्यांना भूगोलाची हद्द नसली तरी राज्य संघटनेसारखाच दर्जा असतो.

प्रगतीचा क्रम सगळीकडे एकच आहे : प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. त्यामुळे खानापुरात तृतीय सोपान झालेला मुलगा पुढच्या वर्षी चंदगड किंवा कोल्हापूरच्या शाळेत गेला, तर त्याला पुन्हा प्रवेशापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. मात्र कागद लागतात. शाळेचा दाखला काढतानाच प्रगती पुस्तिका, लॉगबुक, चाचण्यांची प्रमाणपत्रे आणि सदस्यत्वाचा दाखला पथकप्रमुखाच्या सही-शिक्क्याने घेऊन ठेवावा. दोन वर्षांनी जुनी शाळा शोधत फिरण्यापेक्षा हे बरे.

दहावीच्या वाढीव गुणांचा प्रश्न वेगळा आहे. ते गुण ज्या त्या राज्याचे परीक्षा मंडळ आपल्या नियमाने देते. महाराष्ट्रातल्या मामेभावाला मिळाले म्हणून बेळगावच्या विद्यार्थ्याला मिळतीलच, असे नाही. पथकप्रमुखाने पालकांना असले आश्वासन देऊ नये.

पथक वैध केव्हा?

मुलांना गणवेश शिवला आणि स्कार्फ बांधला म्हणून पथक होत नाही. पथकाची जिल्हा संघटनेकडे नोंदणी व्हावी लागते. दरवर्षी तिचे नूतनीकरण होते आणि त्या वेळी मुलांची संख्या कळवून शुल्क भरावे लागते. नूतनीकरण राहिले तर त्या वर्षाच्या चाचण्या अडकतात. पुढे राज्य पुरस्काराचा अर्ज परत येतो आणि भुर्दंड मुलाला बसतो. म्हणून जून-जुलैमध्येच पावतीची झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या फाईलला लावलेली बरी.

संख्येचीही मर्यादा आहे. कब पथकात 24, तर स्काऊट पथकात 32 पर्यंत मुले असतात. स्काऊट पथकाचे 6 ते 8 जणांचे संघ पाडतात आणि प्रत्येक संघाला एक संघनायक असतो. एका सरांच्या नावावर 70 मुले दाखवणे नियमात तर बसत नाहीच, शिवाय नदीकाठी किंवा डोंगरात ते धोक्याचेही ठरते.

पथकप्रमुखाने आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. प्राथमिक ओळखीचा वर्ग, त्यानंतर बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि सगळ्यात वरचा हिमालय वुड बॅज असा हा क्रम आहे. संघटनेचे नियुक्तिपत्र, म्हणजे वॉरंट, मिळाल्यावर जबाबदारी अधिकृत होते. गाईड आणि बुलबुल विभागाचे नेतृत्व महिलांकडेच असते. शाळेत शिक्षिका नाही म्हणून गाईडचे पथकही स्काऊट सरांकडेच देऊन टाकणे चालत नाही.

धर्म, राजकारण आणि गणवेश

चळवळ ऐच्छिक आहे, अराजकीय आहे आणि जात, धर्म, वंश न पाहता सर्वांना खुली आहे. वचनामध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण इच्छा असल्यास त्या जागी ‘धर्म’ हा शब्द घेता येतो. एखाद्या घरी आक्षेप असेल तर पथकप्रमुखाने हा पर्याय सांगावा. मुलाला पथकाबाहेर काढण्याची गरज नाही.

‘अराजकीय’ या शब्दाला सीमाभागात जास्त वजन आहे. भाषेच्या प्रश्नावर एखाद्या सरांचे स्वतःचे मत असू शकते आणि नागरिक म्हणून तो त्यांचा हक्क आहे. पण स्काऊटचा गणवेश घालून, किंवा पथकाची मुले घेऊन, कोणत्याही बाजूच्या मोर्चाला, निवडणूक प्रचाराला किंवा पक्षाच्या सभेला जाता येत नाही. पाहुण्यांच्या स्वागताला मुले पाठवा, असा पुढाऱ्यांचा निरोप आला तरी कार्यक्रम कोणाचा आहे हे आधी बघावे. नकार देताना नियमाचा आधार घेतला तर सरांवर व्यक्तिशः राग येत नाही.

शिबिराला निघण्यापूर्वी

शिबिरासाठी शाळेची आणि जिल्हा संघटनेची लेखी परवानगी हवी. प्रत्येक मुलामागे पालकांचे संमतिपत्र हवे. त्यात ठिकाण, तारखा, प्रवासाचे साधन आणि पोहणे किंवा चढाई यांसारखे उपक्रम स्पष्ट लिहावेत. ‘शैक्षणिक सहल’ एवढेच लिहिलेल्या कागदाचा अडचणीच्या वेळी उपयोग होत नाही. सोबत मुलाला असलेले आजार, चालू औषधे, ॲलर्जी, रक्तगट आणि दोन फोन नंबर घ्यावेत. दमा किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलाला घरी ठेवण्यापेक्षा त्याचे औषध कोणाजवळ राहील हे ठरवणे योग्य.

जागा निवडताना जंगलाचे नियम बघावे लागतात. खानापूर तालुक्यातील भीमगड आणि गोव्यातील म्हादई ही अभयारण्ये आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. राखीव जंगलात आग पेटवणे हा 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. शेकोटी हा शिबिराचा आवडता भाग असला तरी ती शाळेच्या मैदानावर किंवा परवानगीच्या जागीच करावी.

पाण्याच्या बाबतीत ढिलाई नको. मलप्रभा असो, तिळारी असो की गोव्याचा किनारा, अनोळखी पाण्यात मुलांना उतरवू नये. पोहण्याचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर पोहता येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांची यादी वेगळी करावी, जोड्या लावाव्यात आणि ठराविक वेळाने शिट्टी वाजवून मोजणी घ्यावी. चांगले पोहणारे मोठे माणूस काठावर पूर्ण वेळ हजर असावे. तोवर फोटो आणि फोन बाजूला.

साप चावल्यास जखम कापणे, रक्त चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नये. मुलाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि लगेच दवाखाना गाठावा. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी 112 हे क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि तेलंगणात चालतात.

सौंदत्तीची यल्लम्मा असो की पंढरीची वारी, जत्रेत सेवेसाठी स्काऊट बोलावले जातात. पाणी वाटणे, चुकलेल्यांना वाट दाखवणे, प्रथमोपचार ही कामे मुलांना जमतात. गर्दीचा लोंढा अडवायला मुलांची साखळी उभी करू नये. ते पोलिसांचे काम आहे.

निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा वेळी परवानग्या, संमतिपत्रे आणि मोजणीच्या नोंदी हाच पथकप्रमुखाचा आधार असतो.

मोठी माणसे आणि मुले : अंतराचे नियम

जागतिक स्काऊट संघटनेने 2017 मध्ये बाकू येथील परिषदेत मुलांच्या सुरक्षिततेचे जागतिक धोरण स्वीकारले. ‘सेफ फ्रॉम हार्म’ या नावाने ते ओळखले जाते. रोजच्या कामात त्याचा अर्थ सोपा आहे. एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद जागेत एकटे राहू नये. शिबिरात किमान दोन मोठी माणसे असावीत, आणि मुली असतील तर महिला हवीच. मोठ्यांचा तंबू वेगळा, मुलामुलींची झोपण्याची व आंघोळीची सोय वेगळी. मुलाशी एकट्याने बोलायचे असेल तर इतरांना दिसेल अशा ठिकाणी बोलावे. रात्री एकेका मुलाला खासगी मेसेज पाठवू नयेत. पालकांसह गट करून तिथेच सूचना द्याव्यात.

रोव्हर-रेंजर विभागात वयाची मर्यादा 25 पर्यंत जाते. म्हणजे 16 वर्षांची मुलगी आणि 24 वर्षांचा तरुण एका उपक्रमाला असू शकतात. कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूलच आहे. त्यामुळे मुक्कामाची सोय करताना हा फरक लक्षात ठेवावा.

शिक्षा म्हणून उठाबशा, मारणे, उपाशी ठेवणे किंवा चारचौघांत अपमान करणे चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागल्यास बाल न्याय कायदा 2015 चे कलम 75 लागू होऊ शकते.

तक्रार कानावर आली तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘शाळेचे नाव खराब होईल’, ‘आधी आपण चौकशी करू’ असे म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवण्याकडे कल असतो. पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे ही जबाबदारी संपली, असे होत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

शिबिर आंबोलीला झाले आणि मूल बेळगावला परतल्यावर बोलले, तर तक्रार कुठे द्यायची? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ‘महाराष्ट्रात जा’ म्हणून परत पाठवता येत नाही.

भाषेचीही सोय कायद्यात आहे. जबाब मुलाला न समजणाऱ्या भाषेत लिहिला जात असेल तर दुभाषा द्यावा लागतो. मराठी बोलणाऱ्या मुलाचा कानडी किंवा तेलुगू जबाब त्याला समजावून सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा आग्रह पालकांनी धरावा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. चाइल्डलाइन 1098 वरही मदत मिळते. मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा ग्रुपवर टाकू नये. ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.

पोक्सो नियम 2020 प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायची आहे. नियमात शब्द कर्मचाऱ्यांचा आहे. पण सुट्टीत मदतीला येणारा माजी विद्यार्थी, बाहेरचा ट्रेकिंग प्रशिक्षक, गाडीचा ड्रायव्हर हेही मुलांमध्येच वावरतात. त्यांचीही पडताळणी शाळेने मागितली तर त्यात कुणाचा अपमान नाही.

फाईलमध्ये काय असावे?

• चालू वर्षाची नोंदणी व शुल्काची पावती
• पथकप्रमुखाचे वॉरंट आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे
• मुलांची यादी, जन्मतारीख आणि प्रगतीच्या नोंदी
• प्रत्येक शिबिराची परवानगी, संमतिपत्रे आणि आरोग्याची माहिती
• सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची नावे व पडताळणी
• जमा-खर्चाच्या पावत्या
• किरकोळ अपघातांचीही तारीखवार नोंद

सरांची बदली झाली की पथक बंद पडते, हा अनेक मराठी शाळांचा अनुभव आहे. अशी फाईल शाळेत असेल तर नवीन येणाऱ्या शिक्षकाला पथक तिथूनच पुढे नेता येते आणि मुलांची दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जात नाही.