हुर्यो

१७ एप्रिल १९९९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एनएफएलचा ड्राफ्ट चालू आहे. स्टेजवरून नाव पुकारलं जातं: डॉनव्हन मॅकनॅब, सिराक्यूजचा क्वार्टरबॅक. बावीस वर्षांचा मुलगा, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. आणि समोरून काय, तर त्याची हुर्यो उडते! उडवणारे त्याच्याच नव्या टीमचे, म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्सचे फॅन्स. अँजेलो कटाल्डी नावाच्या रेडिओवाल्याने त्यांना खास बस करून आणलं होतं. 'डर्टी थर्टी' म्हणून ते पुढे प्रसिद्धच झाले.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. कॉलेजातून येणारी पोरं टीम्स पाळीपाळीने उचलतात आणि आदल्या मोसमात वाईट खेळलेल्यांची पाळी आधी येते. ईगल्स १९९८ मध्ये १६ पैकी १३ सामने हरले होते. त्यामुळे नव्याने परतलेल्या क्लीव्हलंडनंतर दुसरी पाळी त्यांची. आणि क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून जवळजवळ प्रत्येक चाल सुरू होते तो.

फॅन्सना हवा होता रिकी विल्यम्स, बॉल घेऊन धावणारा रनिंग बॅक. आता त्यांचं चुकलं तरी काय? टेक्सासच्या या गड्याने कॉलेज कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम मोडला होता, हाइसमन ट्रॉफी जिंकली होती. दर शनिवारी टीव्हीवर तो लोकांना आडवं करत धावताना दिसायचा. डोळ्यांना दिसतंय ते मागायचं, साधा हिशोब.

स्काउटचा हिशोब वेगळा. तो तीच फिल्म दहा वेळा मागे-पुढे करतो. पास पोचला का, यापेक्षा फेकायच्या आधी पाय कुठे होते, पहिला साथीदार अडकल्यावर नजर दुसऱ्याकडे गेली का, हे बघतो. मुलाखत घेतो, डॉक्टरचा रिपोर्ट वाचतो. शिवाय ईगल्सकडे ड्यूस स्टेली होता, १९९८ मध्ये हजार यार्डांच्या वर धावलेला. धावणारा होता, फेकणारा नव्हता! नवे कोच अँडी रीड यांनी मॅकनॅब घेतला.

पुढचं माहीतच असेल. मॅकनॅबने ईगल्सना पाच वेळा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सुपर बोलपर्यंत. २०१३ मध्ये टीमने त्याची ५ नंबरची जर्सी सन्मानाने निवृत्त केली.

झालं, स्काउट शहाणे आणि फॅन्स येडे? थांबा, इतकं सोपं नाहीये. त्याच दिवशी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. पहिला टिम काउच, तिसरा अकिली स्मिथ, बारावा केड मॅकनाउन. तिघंही काही वर्षांत बाहेर. स्मिथ तर कॉलेजात खऱ्या अर्थाने एकच मोसम चमकला होता. टिकले ते मॅकनॅब आणि अकरावा डॉन्टे कलपेपर. पाचात दोन. आणि सुपर बोलमध्ये मॅकनॅबला हरवलं कोणी? टॉम ब्रेडीने, ज्याला २००० च्या ड्राफ्टमध्ये १९८ नावं होईपर्यंत कोणी हात लावला नव्हता. त्याच्यासाठी बस करून कोणी गेलं नाही आणि कुठल्या तज्ज्ञाने टेबलही आपटलं नाही. :)

आणि विल्यम्स? न्यू ऑर्लिन्सच्या माइक डिटकांनी त्या वर्षीचे आपले सगळे पिक आणि पुढच्या वर्षीचे दोन देऊन त्याला घेतलं. म्हणजे पगारी माणूसही फॅन होऊ शकतो! टीम १३ सामने हरली, डिटकांची नोकरी गेली. पोरगा मात्र वाईट नव्हताच. २००२ मध्ये मायामीकडून तो लीगमध्ये सर्वात जास्त यार्ड धावला.

म्हणजे फॅन्सची नजर अधू नव्हती, त्यांचा प्रश्न वेगळा होता. 'आजवर सगळ्यात भारी कोण खेळला?' हा फॅनचा प्रश्न. 'पुढची दहा वर्षं, आपल्या या जागेवर, कोण चालेल?' हा स्काउटचा. पहिल्याचं उत्तर दिसतं. दुसऱ्याचा अंदाजच करावा लागतो, आणि तो चुकला की बिल येतं. बसमधून घरी जाणाऱ्यांना बिल येत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली मीही ऑफिसात फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. मागे एक मुलगा फळ्यावर धडाधड कोड लिहून गेला आणि आम्ही सगळे खूश. त्याच्यानंतर आलेली मुलगी अडखळली, पण आपली चूक आपणच शोधून तिने दुरुस्त केली. मी तिला 'नको' लिहिलं. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की, च्यायला, मी तर डर्टी थर्टीत बसलोय.

तेव्हापासून कागदावर दोन रकाने करतो: काय दिसलं आणि काय वाटतं. तरीही चुकतोच. पण निदान कुठल्या रकान्यात चुकलो ते कळतं. त्या मुलीला मात्र त्याचा काही उपयोग नाही.