चवदार तळ्याचा धडा : हक्कांचा इतिहास शिकवताना

नागरी हक्कांचा इतिहास बहुतेक वेळा सनावळ्यांच्या रूपात शिकवला जातो. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, एवढे विद्यार्थ्याच्या लक्षात राहते. वास्तविक ही घटना एका दिवसाची नसून अनेक वर्षांची आहे. ठराव, त्याची अंमलबजावणी न होणे, आंदोलन, प्रतिक्रिया, न्यायालय आणि अखेरीस संविधान असा तिचा क्रम आहे. लोकशाही सुधारणा कशी घडते, हे समजावून देण्यासाठी मराठी शिक्षकाला याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

घटनाक्रम

रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. मात्र हा ठराव कागदावरच राहिला. सवर्णांच्या विरोधामुळे तळ्याचे पाणी प्रत्यक्षात कोणास घेता आले नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो प्रतिनिधींनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात प्रवेश होणार असल्याची अफवा पसरली आणि परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने आपला ठरावही ऑगस्ट १९२७ मध्ये मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. तीत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळे खासगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला होता. त्यामुळे पाणी घेण्याचा सत्याग्रह तहकूब करण्यात आला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. बहिष्काराची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे त्यात म्हटले होते.

वर्गात काय साधते?

पहिला प्रश्न असा : ठराव १९२४ मध्येच झाला होता, तर १९२७ मध्ये आंदोलनाची गरज का पडली? हक्क मंजूर होणे आणि तो बजावता येणे यांतील अंतर या प्रश्नातून उमगते. दुसरा प्रश्न : मनाई हुकूम मानून सत्याग्रह तहकूब करणे ही माघार होती काय? या प्रश्नावर वर्गात दोन्ही बाजूंनी युक्तिवाद व्हावेत. तिसरा प्रश्न : ठराव करणारी आणि तो मागे घेणारी संस्था एकच कशी? लोकनियुक्त संस्थांवरील दबाव यातून लक्षात येतो.

३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकातील मजकूर मूळ साधन म्हणून वापरता येतो. एकच घटना पाक्षिकात आणि न्यायालयाच्या निकालात कशी मांडली आहे, याची तुलना विद्यार्थ्यांनी करावी.

घ्यावयाची काळजी

वर्गात ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणी नाकारले गेले अशी मुले असतात, आणि ज्यांच्या घरांनी ते नाकारले अशीही असतात. कोणालाही आपली जात सांगावयास लावू नये. सत्याग्रहींना केवळ पीडित म्हणून न रंगवता संघटन करणारे, हिशेबी नागरिक म्हणून दाखवावे. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी घेतलेले कष्ट, तसेच अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस या सवर्ण सहकाऱ्यांची साथ, यांचाही उल्लेख हवा. त्यामुळे हा संघर्ष माणसांविरुद्ध नसून प्रथेविरुद्ध होता, हे ध्यानात येते.

संविधानापर्यंतचा दुवा

भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे, तर १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याच्या या कोरड्या वाटणाऱ्या शब्दांमागे महाडच्या तळ्याचे पाणी आहे, हे ज्या तासाला विद्यार्थ्याच्या लक्षात येते, त्या तासाला नागरिकशास्त्र हा गुणांपुरता विषय राहत नाही. गावातील पाणवठा कोणासाठी केव्हा खुला झाला, याची विचारपूस घरच्या वडीलधाऱ्यांकडे करणे, हा त्या तासानंतरचा उत्तम गृहपाठ होय.