कुंपणाची खुंटी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं व्हॅन कोर्टलँट पार्कचं गोल्फ मैदान १८९५ साली सुरू झालं. तेव्हा नऊच होल्स होते. अमेरिकेतलं हे पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान, हे सगळेच सांगतात. मी मात्र नावातल्या ‘पार्क’पाशी अडलो.

समुद्रापासून दूर, झाडं आणि मऊ हिरवळ असलेल्या मैदानाला गोल्फवाले ‘पार्कलँड’ म्हणतात. आज पार्क म्हणजे कुणीही यावं अशी जागा. मुळात अर्थ नेमका उलटा होता. मध्ययुगीन लॅटिनमधला ‘पॅरिकस’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो राजा-उमरावांनी शिकारीसाठी हरणं कोंडलेलं रान होऊन. घोड्यांचा ‘पॅडॉक’ही याच कुळातला.

पण ‘पॅरिकस’ आला कुठून? बरेच कोश तो जर्मानिक भाषांतून आला असं सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो, बोली लॅटिनमध्ये दांडा, खांब अशा अर्थाचा शब्द होता. कुंपण खांबांचंच, म्हणून हे नाव, आणि जर्मानिक लोकांनी ते उसनं घेतलं. मी या दुसऱ्या पक्षाचा. अस्सल जर्मानिक शब्द ‘प’ने क्वचितच सुरू होतात. तसा शब्द भेटला की तो पाहुणा आहे, असंच आधी धरावं. आणि कुंपणावरून जागेला नाव पडणं आपल्याला नवं नाही. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार. त्यातूनच वाडा आणि कोकणातली नारळी-पोफळीची वाडी.

आता मैदानाकडे येऊ. व्हॅन कोर्टलँट घराण्याची ही इस्टेट १८८८ मध्ये शहराकडे आली. शेजारच्या रिव्हरडेल उपनगरातल्या काही हौशी मंडळींना तिथे आपल्या क्लबासाठी मैदान हवं होतं. उद्यान खात्याने मैदान केलं, पण सर्वांसाठी. १८९९ मध्ये ते अठरा होल्सचं झालं, तेही टॉम बेंडेलोच्या हातून. हा ॲबरडीनचा स्कॉट, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात खिळे जुळवणारा. जमीन पायाखाली घालायची, पहिला फटका जिथून मारायचा तिथे एक खुंटी ठोकायची, हिरवळ जिथे हवी तिथे दुसरी, ही त्याची रीत. ‘रविवार दुपारच्या अठरा खुंट्या’ म्हणून लोकांनी तिला हिणवलं. मला तो अन्याय वाटतो. त्या काळी कमी पैशांत गावोगावी मैदानं उभी राहिली ती याच रीतीमुळे.

माझं म्हणणं एवढंच, की या कथेच्या दोन्ही टोकांना खुंटीच आहे. एका खुंटीने रान बंद केलं, दुसरीने त्याच नावाच्या जागेत लोकांना वाट आखून दिली. व्हॅन कोर्टलँटला आजही क्लबाचं सभासदत्व लागत नाही. शुल्क भरलं की कुणीही खेळू शकतो.